झरजाईच्या उजव्या कौलाची कहाणी

बायांनो, जवळ सरकून बसा, लहानग्यांना मांडीवर घ्या, आणि मध्ये मध्ये हूं म्हणत जा. ऐक झरजाई, तुझी कहाणी.

डोंगराच्या पायाशी एक पेठ होती. आटपाट म्हणावी इतकी ऐसपैस नव्हती. एकच गल्ली होती, गल्लीत साळ्यांची घरं होती, घराघरात माग होता. सकाळ झाली की धोटे इकडून तिकडे पळत, गल्लीभर खटखट चाले. त्या पेठेत येसबा नावाचा साळी राहत होता. त्याच्या बायकोचं नाव अनसा. मूलबाळ नव्हतं, पण भांडणही नव्हतं. तो विणी, ती कांड्या भरी. तो विणता विणता गाई, ती म्हणे, "सूर राहू द्या, सूत तुटेल." तो हसे, आणखी मोठ्यानं गाई.

एके वर्षी काय झालं, लुगडी फार झाली आणि घेणारं कोणी मिळेना. मग येसबा म्हणाला, "डोंगर ओलांडतो, बंदरावर जातो, विकून येतो. पंधरा दिवस धर." अनसानं भाकरी बांधून दिली, चटणी बांधून दिली. त्यानं गाठोडं खांद्यावर घेतलं आणि घाटाची वाट धरली.

पंधरा दिवस झाले, आला नाही. महिना झाला, आला नाही. पाऊस लागला, पाऊस उघडला, घाट मोकळा झाला, तरी आला नाही. मग अनसा स्वतः मागावर बसली. बाईमाणूस मागावर बसलेलं पेठेत कोणी पाहिलं नव्हतं. पहिले दिवस लोक दारात उभे राहून बघत, मग बघेनासे झाले.

पहिल्या वर्षी शेजारणी म्हणाल्या, "येईल गं, बाजार पडला असेल." सहाव्या वर्षी म्हणाल्या, "तिकडे दुसरी चूल मांडली असेल." बाराव्या वर्षी कोणी काही म्हणेना. अनसा मात्र रोज न्हाई, रोज कुंकू लावी, रोज उंबऱ्यावर पाणी घाली.

बारा वर्षं पुरी झाली. मग धाकटा दीर भागोजी आला. ओसरीवर बसला, पाणी प्याला. मग म्हणाला, "वहिनी, बारा वर्षं झाली."

"झाली," अनसा म्हणाली.

"बारा वर्षं माणसाची खबर नाही, तर पळसाच्या पानांचा माणूस करतात, त्याला अग्नी देतात. नाही केलं तर दादाचा जीव वाऱ्यावर राहील. माझ्या पोरीचं लग्न अडलंय. सोयरे म्हणतात, आधी घरातलं मिटवा."

"आणि जिवंत असले तर?"

भागोजी वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "तर देवीला विचारून या. वर उंबरमाथ्यावर झरजाई आहे, ती कौल देते. ती जिवंत म्हणाली, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण अवसेच्या आत या. त्यानंतर भटजी काशीला निघतात."

मग अनसा निघाली. एक टेप, एक टेकाड चढली, पाय दुखले. दुसरं टेप चढली, श्वास लागला. तिसरं टेप चढली, तो धुकं आलं आणि पुढची वाट दिसेना. धुक्यातून घंटा ऐकू आली, तिच्या मागानं गेली. डोंगरावर गाव होतं. चार आळ्या, मधाची मडकी विकणारे, ओल्या लाकडाचा धूर. गावाच्या टोकाला देऊळ. काळ्या दगडाचं, चुना न घालता दगडावर दगड ठेवलेलं. कोणी म्हणे एका राजानं बांधलं, कोणी म्हणे राजे आले त्याच्याही आधीचं. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. आत उजेड थोडा. देवी उभी, तोंड दाराकडे. देवीच्या एका बाजूला भिंतीत दगडाचं गोमुख, त्यातून झऱ्याचं पाणी बारा महिने पडे, दुसऱ्या बाजूला दिव्याचा कोनाडा.

गुरव पालखीबरोबर वाड्यावस्त्यांवर गेला होता. देवळात त्याची म्हातारी आई होती, तिला आवा म्हणत. आवाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. पावलांच्या आवाजावरून ती माणूस ओळखी.

आवा म्हणाली, "नवीन पाऊल दिसतंय. काय मागायला आलीस?"

"मागायला नाही, विचारायला आले. माझं माणूस जिवंत आहे का, एवढंच विचारायचं आहे."

"पोरगा परवा येईल. थांब परवापर्यंत. कौल त्याच्या हातचा चांगला."

"परवा अवस आहे, आवा. मला आजच उतरायला हवं."

आवानं मान हलवली. दोन पांढरी फुलं घेतली, झऱ्याच्या पाण्यात बुडवली, चाचपत गेली, एक देवीच्या ह्या खांद्याला चिकटवलं, एक त्या खांद्याला चिकटवलं. म्हणाली, "उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. मला दिसत नाही, बाई. तू बघ आणि मला सांग."

अनसाच्या पेठेत कौलाची रीत नव्हती. तिनं असा कौल कधी पाहिला नव्हता. ती देवीसमोर उभी राहिली, हात जोडले, डोळे उघडे ठेवले. पहिल्यांदा वाटलं, फूल हललं. हललं नव्हतं. दुसऱ्यांदा वाटलं, हललं. पाण्याचा थेंब ओघळला होता. तिसऱ्यांदा गोमुखाच्या बाजूचं फूल सुटलं आणि खाली पडलं. अनसाच्या डाव्या हाताला पडलं.

"आवा, पडलं."

"कोणतं?"

"डावं."

"नीट बघ."

"डावं."

"तिसऱ्यांदा विचारते, बाई."

"डावंच आहे, आवा."

आवानं हात खाली घेतले. म्हणाली, "मग देवीचा शब्द. जा, उतर. वाटेत बसू नको."

अनसा उतरली. वाटेत बसली नाही. घरी आली, दिराला म्हणाली, "पानं आणा."

पळसाची पानं आली. भटजींनी त्यांचा माणूस केला, हात केले, पाय केले, नारळाचं डोकं केलं. भागोजीनं अग्नी दिला. हिरवी पानं लवकर पेटेनात, नुसता धूर होई, सगळ्यांचे डोळे चुरचुरले. जावेचं नाव कोंडाबाई, जीभ तिखट. पण अनसाच्या बांगड्या तिनं फोडल्या नाहीत, तेलाचा हात लावून एक एक काढल्या. कुंकू अनसानं स्वतः पुसलं.

मग पुतणीचं लग्न झालं. मांडवात वाजंत्री वाजली. अनसा मागच्या खोलीत बसून तांदूळ निवडत राहिली, कारण तिनं पुढं यायचं नव्हतं.

सात महिने गेले. एके दिवशी दुपारी वेशीत एक माणूस आला. दाढी वाढलेली, पाय फुटलेले, अंगावर परमुलखाचा अंगरखा. भागोजी पारावर बसला होता. माणूस जवळ आला, म्हणाला, "भागू, ओळखलं नाहीस?"

भागोजी उठला आणि दोन पावलं मागं सरला.

येसबा म्हणाला, "अरे, मी आहे. गलबतावर माल चढवायला गेलो, वारा फिरला, गलबत भरकटलं. दुसऱ्याच्या मुलखात पडलो. बारा वर्षं दुसऱ्याच्या शेतात राबलो. सुटलो, तसा चालत आलो. घरी सगळी बरी आहेत ना?"

कोंडाबाई लाकडं घेऊन येत होती. तिनं बघितलं, मोळी खाली ठेवली, पदर घेतला. म्हणाली, "भावजी, तुमचं दहावं झालं, तेरावं झालं, गोडाचं जेवण झालं. गाव जेवून गेलं."

"माझं?"

"तुमचं. आता तुम्हाला घरात घ्यायचं तर जन्मापासून सगळं करावं लागतं. तुपाच्या रांजणात बसवायचं, जातकर्म करायचं, बारसं करायचं. एवढ्या दाढीवाल्याला पाळणा मी कुठून आणू?"

ती घाबरून बोलत होती. येसबा हसला नाही. म्हणाला, "कोणी सांगितलं मी मेलो म्हणून?"

भागोजी म्हणाला, "देवीनं सांगितलं."

"देवीला कोणी विचारलं?"

"वहिनी गेली होती."

"स्वतः?"

"स्वतः."

"तिनं स्वतः येऊन सांगितलं?"

"तिनंच सांगितलं, दादा. पानं आणा, म्हणाली."

तेवढ्यात अनसा नदीवरून आली. डोक्यावर घागर. समोर परका पुरुष दिसला, वाटसरू दिसला. आपलं कपाळ त्याला आडवं जाऊ नये म्हणून ती वाटेतून बाजूला झाली, पदर पुढे ओढला, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. येसबानं तिचं मोकळं कपाळ पाहिलं, मोकळे हात पाहिले. तिला हाक मारावी असं त्याला वाटलं असेल. पण हिनं ओळखूनच तोंड फिरवलं, असंही वाटलं असेल; हाक आली नाही. तो आला तसा वळला आणि घाटाच्या वाटेला लागला. पावलं लांब गेली, मग अनसानं वळून घागर सावरली आणि घरी गेली.

घागर उतरवली, तोच कोंडाबाई आली. दारात उभी राहिली, आत येईना. अनसा म्हणाली, "काय गं, आत ये की." कोंडाबाई म्हणाली, "बाई, मला शिव्या दे. मग सांगते." आणि वेशीत कोण आलं होतं ते सांगितलं.

अनसा तशीच धावली. एक टेप धावत चढली, हाका मारल्या. दुसरं टेप चढली, आवाज बसला. तिसरं टेप चढली, धुकं होतं. वाटेवर पावलं होती, खडकावर आल्यावर पावलं संपली. गावात विचारलं, मधवाल्यांना विचारलं, धर्मशाळेत विचारलं. सगळे म्हणाले, आला होता, पाणी प्याला, पलीकडे उतरला.

मग ती देवळात गेली. गुरव समोर बसून फुलं निवडत होता, आवा खांबाला टेकून होती. अनसा उंबऱ्याशी उभी राहिली आणि देवीला म्हणाली, "तू खोटं बोललीस."

गुरव म्हणाला, "बाई, असं बोलू नये. काय झालं?"

अनसानं सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं. गुरव ऐकत होता, फुलं निवडत होता. मग त्याचा हात थांबला. त्यानं विचारलं, "फूल कोणत्या बाजूला पडलं म्हणालीस?"

"डाव्या."

"डाव्या म्हणजे गोमुखाकडं की कोनाड्याकडं?"

"गोमुखाकडं."

गुरवानं हातातली फुलं खाली ठेवली. म्हणाला, "बाई, गोमुख देवीच्या उजव्या हाताला आहे. कौलात तिचा उजवा धरतात, तुझा नाही. तुझं तोंड तिच्याकडं, तिचं तोंड तुझ्याकडं. तुझं डावं ते तिचं उजवं. तिनं तुला होय सांगितलं होतं."

अनसा खाली बसली. आवा रडायला लागली. म्हणाली, "मी तीनदा विचारलं गं. बाजू कोणती ते विचारायचं मला सुचलं नाही. मला दिसत नव्हतं."

अनसा म्हणाली, "तुम्हाला दिसत नव्हतं, आवा. मला दिसत होतं."

तीन दिवस ती तिथंच बसली. पहिल्या दिवशी गुरवानं प्रसाद दिला, घेतला नाही. दुसऱ्या दिवशी दिला, घेतला नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कौल लावा. ते माझ्याकडं परत येतील का, ते विचारा."

गुरव म्हणाला, "नको विचारूस. न विचारलेलं बरं असतं."

"लावा."

त्यानं फुलं भिजवली, लावली. ह्या खेपेला अनसानं देवीची बाजू नीट मनात धरली. कोनाड्याकडचं फूल सुटलं, खाली आलं. देवीचा डावा. अनसा म्हणाली, "ह्या खेपेला मी नीट वाचलं, नाही का?" गुरव म्हणाला, "नीट वाचलंस, बाई."

मग ती पेठेत परत गेली नाही. कुणासाठी जायचं? देवळात राहिली. पायऱ्या झाडी, गोमुखाखालचं शेवाळ घाशी, आवाला भाकरी कुस्करून घाली. मनातल्या मनात म्हणे, आई, मला आता काही नको. मग एके दिवशी कौल लावायला एक बाई आली. तिला बघून अनसाला राहवलं नाही. तिनं त्या बाईचा हात धरला, उंबऱ्यावर आणलं, देवीकडं पाठ करून उभं केलं. म्हणाली, "देवी बघते तिकडं तू बघ. उजवा हात वर कर. ही बाजू लक्षात ठेव. आता वळ." त्या दिवशी तिनं वसा घेतला. जी जी बाई कौलाला येईल, तिला आधी देवीचा उजवा दाखवायचा, तोवर स्वतः अन्न घ्यायचं नाही.

गावातल्या बाया नावं ठेवत. एक म्हणे, "ही देवीला पाठ दाखवायला शिकवते." दुसरी म्हणे, "स्वतःचं करून बसली, आता आम्हाला शहाणपण." तिसरी म्हणे, "पांढऱ्या कपाळाची बाई देवीच्या उंबऱ्यावर उभी करायची म्हणजे काय?" अनसा ऐके. पुढची बाई आली की उठे, तिचा हात धरी.

कधी दोन दिवस कोणी येत नसे. दोन दिवस ती उपाशी राही. पावसाळ्यात घाट बंद झाला की चार चार दिवस राही. गुरव म्हणे, "बाई, पाऊस सोडून वसा धर." ती म्हणे, "कौल चुकायचा तो पावसात पण चुकतो."

असं करता करता श्रावण आला. एके मंगळवारी सुंद्रा नावाची लहानशी बाई आली, हिरव्या चुड्याची, कडेवर मूल. तिचा नवरा जंगलात लाकडं तोडायला गेला होता, त्याला सव्वा महिना झाला होता. सासू म्हणाली होती, वाघानं नेला, तू कुंकू पूस. मग ती विचारायला आली होती. दर्शनाला माणसं फार होती, अनसा आवाला उठवून बसवत होती. तेवढ्यात गुरवानं फुलं लावली, आणि कोणी सांगायच्या आत एक फूल पडलं. सुंद्राच्या डाव्या हाताला पडलं. सुंद्रानं मूल खाली ठेवलं आणि पदराचं टोक कपाळाकडे नेलं.

अनसा आली. गर्दीतून आली, माणसं बाजूला सारून आली. तिनं सुंद्राचं मनगट धरलं.

"पुसू नको."

"सोडा मला. डावं पडलं."

"तुझं डावं. वळ. माझ्याबरोबर वळ. देवीकडं पाठ कर. कर म्हणते ना. उजवा हात वर. आता सांग, तुझा उजवा कुठं आला?"

सुंद्रा हुंदके देत होती. म्हणाली, "पाण्याकडं."

"फूल कुठं पडलं?"

"पाण्याकडं."

"मग घरी जा. पोराला दूध पाज. वाट बघ."

सुंद्रा गेली. नऊ दिवसांनी तिचा नवरा आला. पाय मोडून एका धनगराच्या वाड्यात पडून होता. काठी टेकत आला.

मग सुंद्रा नवऱ्याला घेऊन देवळात आली. खण आणला, नारळ आणला, तांदूळ आणले. देवीची ओटी भरली. मग दुसरा खण काढला आणि अनसापुढं बसली. जमलेल्या बाया म्हणाल्या, "अगं, तिची ओटी भरू नये."

"का?"

"तिचा नवरा गेला."

"कुठं गेला?"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "मेला म्हणून जाळला, मग आला, मग परत गेला." दुसरी म्हणाली, "आता ती विधवा की सवाष्ण, हे कोणालाच सांगता यायचं नाही."

सुंद्रा म्हणाली, "मग देवीला सांगू दे. काका, कौल लावा."

अनसा म्हणाली, "नको गं. मला दोनदा मिळाला आहे."

पण गुरव उठला. त्यानं फुलं भिजवली, लावली. मोठ्यानं विचारलं, "आई, हिचं माणूस जिवंत आहे का?" आणि मग काय झालं, नावं ठेवणाऱ्या ज्या बाया होत्या, त्या सगळ्या जणींनी देवीकडं पाठ केली, उजवा हात वर केला, बाजू लक्षात धरली, आणि वळल्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं.

फूल सुटलं. गोमुखाकडं पडलं.

पाण्याचा आवाज तेवढा येत होता. सुंद्रानं अनसाची ओटी भरली, पाच मुठी तांदूळ घातले, नारळ घातला. मग करंडा पुढं केला. अनसानं बोट बुडवलं नाही. सुंद्रानंच तिच्या कपाळाला कुंकू लावलं. ते थोडं वाकडं लागलं. अनसानं ते पुसलं नाही, सरळही केलं नाही.

एक बाई म्हणाली, "अनसाबाई, आता येतील हो तुमचे. देवी पावली."

अनसा म्हणाली, "जिवंत आहेत. येणार नाहीत. दोन्ही मला माहीत आहेत."

त्या दिवसापासून ती रोज कुंकू लावी. सवाष्णीच्या पंगतीला बसे, हळदीकुंकवाला जाई. सणाला बाया तिला मान देत. बंदराकडून माल येई, माणसं येत, दर्शन घेऊन जात. अनसा पायऱ्या झाडत असे. येणाऱ्या पुरुषांच्या तोंडाकडं तिनं पुन्हा कधी पाहिलं नाही.

बायांनो, हा वसा तुम्ही घ्याल? घेतला तर श्रावणातल्या मंगळवारी घ्यावा, पाच मंगळवार करावा. देवळात गेल्यावर लगेच मागू नये, लगेच विचारू नये. आधी देवीकडे पाठ करून उंबऱ्याशी उभं राहावं, ती बघते तिकडं बघावं, तिचा उजवा कोणता ते जाणून घ्यावं. मग वळावं, मग हात जोडावे. शेवटच्या मंगळवारी ज्या बाईची ओटी कोणी भरत नाही, तिची भरावी. काही बोलू नये, तिला काही विचारू नये.

झरजाई, अनसाला जे उशिरा कळलं, ते आम्हांला वेळेवर कळो. तिच्या हातून सुंद्राला जसं मिळालं, तसं आमच्या हातून कोणाला तरी मिळो. आणि तिच्यासारखी वाट कोणाच्या दारी न येवो. पुष्कळ दुःखाची कहाणी थोड्या बोलांत सांगितली, ती देवीच्या पायाशी सुफळ होवो, संपूर्ण होवो.